दट्ट्याची सुटका

यंत्रांच्या त्या राज्यात सरळ चालणाऱ्याला कुणी किंमत देत नसे. दट्ट्या जन्मभर नळकांड्यात पुढे-मागे सरळ धावे. पण त्याच्या पायाला क्रँक नावाचा जाडजूड वाकडा दांडा जोडलेला होता. दट्ट्याने घाम गाळायचा, क्रँकने गोल फिरायचे आणि वीज झाली की जयजयकार क्रँकचा, असा रिवाज होता. दट्ट्याने कुठून मागे वळायचे, तेही क्रँकच ठरवी.

दट्ट्याचे मागणे फार मोठे नव्हते. कधी हलके इंधन आले की ते धड पेटत नसे. "बोटभर पुढे जाऊ द्या," तो म्हणे, "जरा जास्त दाबलं तर पेटेल." क्रँक म्हणे, "आमच्यात इथंच वळतात." मग दट्ट्या वळे, अर्धे इंधन धूर होऊन जाई आणि त्याचा जीव तुटे.

अखेर राज्य चालवणाऱ्या मोजपट्ट्यांची सभा बसली. सभेने क्रँकला निवृत्त केले, दट्ट्याच्या अंगावर चुंबक चढवले आणि भोवती तांब्याच्या तारेच्या कॉइलबाई नेमल्या. आता दट्ट्या नुसता सरळ धावला, तरी बाईंच्या अंगात थेट वीज उतरे. दट्ट्याला 'मुक्त' ही पदवी मिळाली. क्रँकला हार घालून समोरच्या खिडकीत मानाने बसवले.

सोहळा आटोपल्यावर एक म्हातारी मोजपट्टी दचकून म्हणाली, "अगं बाई, पण हा आता वळणार कुठं? नळकांड्याच्या माथ्यावर आपटला म्हणजे?" सभेला घाम फुटला. चुंबकाला खेचून दट्ट्याला आवरणे कॉइलबाईंना जमण्यासारखे होते. पण कुठे आवरायचे, हे कुणी कधी नव्याने मोजलेच नव्हते. साऱ्या पट्ट्यांवर खुणा होत्या त्या एकाच चालीच्या, क्रँकच्या. त्याच बाईंना पाठ करायला दिल्या.

पहिल्याच दिवशी हलके इंधन आले. दट्ट्या हरखला. आता कोण अडवतो! तो बोटभर जास्तीची झेप घ्यायला गेला आणि जुन्याच जागी थबकला. पायात तर काहीच नव्हते.

"बाई, सोडा ना!"

"मी कुठं धरलंय, दादा?" कॉइलबाई गोड आवाजात म्हणाल्या. "तुम्ही तर मुक्त."

इंधनाचा धूर झाला. सभेने टाळ्या वाजवल्या. दट्ट्या पुढे गेला, वळला. पुढे गेला, वळला. खिडकीत गळ्यातल्या हारासकट बसलेला क्रँक डोळे मिटून त्या ठेक्यावर मान डोलवत होता, आणि एकदाही चुकत नव्हता.