घोडा एक, आकडा एकोणसाठ

डोंगरात वसलेल्या चिंचणगड संस्थानात राजेसाहेबांनी लहानसं रेडिओ केंद्र उभारलं होतं. संध्याकाळी तिथून सतार वाजू लागली की धुक्यात बुडालेली गावं गुंगल्यासारखी ऐकत राहत. केंद्राच्या इंजिनिअर इंदुमतीबाई सबनीस यांनाही त्या वेळी आपण ढगावर तरंगतोय असं वाटे.

एकदा राजेसाहेब स्वतः आले आणि खुर्चीत डोळे मिटून ऐकत बसले. सोबतच्या दिवाण खासनिसांची नजर मात्र यंत्राच्या काट्यावर गेली.

"सरकारांनी एका घोड्याच्या ताकदीचं यंत्र मंजूर केलं, आणि इथे एकोणसाठ? काटा एकवर आणा, नाहीतर केंद्राला कुलूप लावतो!"

काटा एकवर आला असता तर सतार कुंपणापलीकडेही पोचली नसती.

"घोडा एकच आहे, दिवाणसाहेब," इंदुमतीबाई शांतपणे म्हणाल्या. "काटा तीच ताकद अगदी कणभर ताकदीपासून मोजत डेसिबलच्या मापात दाखवतो. या मापात आकडा तीनने वाढला की ताकद दुप्पट होते."

"शब्दांचे खेळ नकोत! एकोणसाठ म्हणजे एकोणसाठ!"

"परवाच आपल्याला एकोणसाठ वर्षं पूर्ण झाली. तरी दरबारात दिवाण एकच आहेत ना?"

राजेसाहेबांनी डोळे उघडले आणि ते खदखदून हसले.

"बाई, कुलूप लागणार नाही. पण तुमचं माप ऐकून आम्हाला धास्ती वाटते. आणखी तीन वर्षांनी आम्हाला दोन दिवाण सांभाळावे लागतील!"