ठमाईची आण

फार फार वर्षांमागची गोष्ट. सह्याद्रीच्या कुशीतल्या करपवाडीत तेव्हा वाघाचं नाव घ्यायची चोरी होती. नाव घेतलं की तो दाराशी येतो, असं म्हणतात. म्हणून बाया त्याला नुसतं 'तो' म्हणायच्या. त्या पौषात त्यानं आधी गुरं नेली, मग माणसं न्यायला लागला. भरदिवसासुद्धा कुणी एकटं पाण्याला जाईना.

वाडीत तिरकामठा धरावा तर लुमानंच. ठमाई त्याची आई. नवरा गेलेला, आणि हा एकुलता एक. चैत्रातसुद्धा लेकाला घोंगडी पांघरायला लावणारी बाई ती! वाडी हसायची. पण लुमा वाघामागं खिंडीकडे निघाला, त्या सकाळी कुणी हसलं नाही. धुकं असं की समोरचा माणूस दिसत नव्हता.

"आये, घोंगडी नको. दोरी वढताना मधी येती."

"गारठून मरशील! काढलीस तर माझी आण हाय तुला."

आईची आण मोडायची कशी? लुमानं घोंगडीची खोळ घेतली, डावा खांदा झाकला आणि गेला.

दुपारी तो सापडला. म्हणजे जे उरलं होतं ते. बाण पायाशीच पडला होता, आणि कामठ्याची दोरी घोंगडीच्या काठाला लोंबणाऱ्या दशांत गुरफटली होती. ठमाईनं एकेक दशा सोडवली. ती रडली नाही. लेकाला कुणी मारलं ते तिला कळून चुकलं होतं, आणि त्या कळण्याचीच तिला वाघाहून जास्त भीती वाटली. तिनं आपल्या अंगावरचं पांघरूण फेकलं आणि उघड्यावर, खिंडीतल्या धोंडीवर जाऊन बसली. लोकांनी हातापाया पडून पाहिलं, ती उठली नाही.

दुसरं कुणी तयार होईना, म्हणून दोन दिवसांनी लुमाचा चुलतभाऊ कोंडू कामठा घेऊन वाघामागं निघाला. कोंडू कसला शूर! वाघाइतकाच थंडीला भिणारा. कानापर्यंत घोंगडी गुंडाळूनच गेला. खिंडीत करवंदीची जाळी हलली. तो समोर उभा होता. कोंडूनं दोरी ओढली, ती घोंगडीत अडकली. वाघ दबून बसला, आता झेपच घेणार.

तेवढ्यात मागून कुणीतरी कोंडूचा डावा खांदा धरला. हात गारगोटीसारखा गार. घोंगडी हिसकली गेली आणि कानाशी आवाज आला,

"मागं घेतली रं माझी आण, लुमा."

दोरी सुटली. बाण वाघाच्या नरड्यात घुसला.

कोंडूनं मागं पाहिलं तर कुणी नाही. तो धोंडीकडे धावला. ठमाई बसल्या जागी ताठरलेली होती. ती आदल्या सांजेलाच गेली होती, असं म्हणतात. मुठीत मात्र कोंडूच्या घोंगडीची ताजी तुटलेली दशा होती.

आता कामठे आढ्याला लटकतात, वाघही राहिला नाही. पण पौषात कुणी खिंडीच्या वाटेनं निघालं, की घरची बाई उंबऱ्यात त्याच्या डाव्या खांद्यावरचं पांघरूण, मग तो स्वेटर का असेना, आपल्या हातानं खाली सरकवते. पोरं कुडकुडतात, कुरकुरतात. तिचाही जीव तुटतो, झाकावंसं वाटतं. ती झाकत नाही. आणि करपवाडीत आजही कुठलीच आई लेकराला आपली आण घालत नाही.