वाजतगाजत वेशीबाहेर

गावांना वेशी होत्या आणि दिवस मावळला की त्यांची दारं लागत, त्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी. थोरांनी जरा जास्त ऐकावी.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. तिथं एक कुंभार राहत होता. हात चांगला, जीभ कडक. आपल्या मडक्याला कधी चीर जात नाही, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. ते खरंही होतं.

त्या गावात साथ आली.

गावानं जुनी रीत केली. लाकडी गाड्यावर मरीआई बसवली. खणानारळानं तिची ओटी भरली, हलगी वाजवली आणि गाडा ओढत नेऊन शिवेपलीकडे सोडला. पुढच्या गावानं तो त्याच्या पुढच्या शिवेवर नेला. रोगाला मान द्यायचा आणि बाहेर काढायचा, अशी ती रीत. गाडा गेला. साथ राहिली.

मग पाटलानं ओढ्यापलीकडे झोपड्या घातल्या. ताप चढला की माणसाला तिकडं न्यायचं. घरच्यांनी मागं जायचं नाही. हुकूम चांगला होता, पण तिकडं त्यांना पाणी कोण पाजणार? वैद्य तर आधीच साथीत गेला होता. चावडीवर सगळ्यांनी माना खाली घातल्या.

गावची सुईण उठली. "निम्म्या गावाची नाळ मी कापलीय. मी जाते."

"भीती नाही वाटत तुला?" पाटलानं विचारलं.

"वाटते की. पण तुम्ही कुणी उठत नाही ना."

काही दिवसांनी कुंभाराच्या मुलीला ताप चढला. तो तिला ओढ्यापर्यंत घेऊन गेला. पोरीनं त्याच्या उपरण्याचा शेव धरून ठेवला होता. त्यानं एकेक बोट सोडवलं.

"तू हो पुढं. मी आलोच मागनं."

तो गेला नाही. काठावरसुद्धा फिरकला नाही. कोणी गेलं की सुईण पलीकडून नाव घेऊन हाक द्यायची. एका सकाळी तिनं मुलीचं नाव घेतलं. कुंभारानं ते ऐकलं, परत चाकावर जाऊन बसला आणि दिवसभर मडकी घडवत राहिला.

साथ सरली. झोपड्या जाळल्या. सुईण गावात परत आली.

बायकांनी तिचे पाय धुतले. पाटलानं लुगडं दिलं. म्हातारी माणसंही तिच्या पाया पडली. "देवी आहेस बाई तू," म्हणाली. पाया पडून झाल्यावर जो तो घरी गेला. तिच्याजवळ बसलं कोणीच नाही.

पाटलानं दवंडी दिली, "झालं गेलं गंगेला मिळालं. साथीचं नाव कोणी काढायचं नाही." कोणी काढलं नाही. पण तेली भरल्या घाण्याजवळ नुसता उभा राहू लागला. एक बाई भरदिवसा दाराला कडी लावून बसू लागली. पोर खोकलं म्हणून एकानं त्याला गुरासारखं मारलं आणि मग त्याच्याच पायाशी बसून रडला. गाव वरून धडधाकट होतं. आत कोणीच धड नव्हतं.

सुईणीचं तर काही विचारू नका. ती ओढ्यावर बसून हात घासायची. लाल होईपर्यंत घासायची. मग उठून कोणाच्या तरी दारात जायची.

"अगं, तुझी सासू जाताना म्हणाली..."

"बाई बाई, दूध उतू चाललं!" म्हणून ती सून आत पळायची. चूल तर विझलेली असायची.

लोकांना आता रोगाचं भय नव्हतं. त्यांना तिचं भय होतं. आपलं माणूस आपण ओढ्यावर सोडून आलो, हे तिला ठाऊक होतं. पुढं काय झालं, हे फक्त तिलाच ठाऊक होतं. बाळंतपणालासुद्धा ते शेजारच्या गावची सुईण बोलावू लागले.

एकदा ती कुंभाराच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"दादा, तुमची लेक..."

"मडकं हवंय?"

"नाही."

"मग वाट धर. चाक थांबतंय माझं."

ती वळली आणि गेली. कुंभाराच्या हातातलं मडकं वाकडं झालं. त्यानं ते मोडून पुन्हा मातीत घातलं.

चावडीवर कुजबुज सुरू झाली. ही बाई दिसली की साथ आठवते. हिला ठेवायचं कसं, आणि घालवायचं कसं? एवढं केलेल्या बाईला हाकललं तर चार गावं तोंडात शेण घालतील.

तेव्हा कुंभार बोलला. "हाकला कोण म्हणतंय? गाडा काढतो तशी काढा. मानानं. ओटी भरा, हलगी लावा, शिवेपर्यंत पोचवा."

सगळ्यांना हायसं वाटलं. त्यांनी त्याला पाठवणी असं नाव दिलं. सुईणीला बैलगाडीत बसवलं, नवं लुगडं दिलं, नारळ दिला. शिवेवर तिनं विचारलं, "पाटील, माझं चुकलं काय?"

"काही नाही गं बाई. तू फार केलंस. म्हणून तर हा मान."

गाडी रिकामी परतली. त्या दिवशी गाव पोटभर जेवलं.

पण झोप कोणालाच आली नाही. कुंभाराच्या मडक्यांना चिरा जाऊ लागल्या. माती तीच, भाजायचा आवा तोच. हात मात्र तो राहिला नव्हता. तो बायकोवर खेकसला, "माती नीट मळत नाहीस तू!"

बायकोनं हातातली माती खाली टाकली. "मातीचं सोडा. ती बाई घालवलीत. माझी लेक जाताना काय बोलली, ते आता मी कुणाला विचारू?"

"तेव्हा विचारायचं होतंस."

"तुमचं तोंड बघून कुणाची छाती होती?"

कुंभारानं काठी उचलली आणि शीव ओलांडली.

पुढच्या गावानं सांगितलं, "आली होती. मोठी पुण्यवान बाई. आम्ही ओटी भरून पुढं पोचवली." त्याच्या पुढच्या गावानंही तेच सांगितलं. साथीतून आलेली बाई कोणालाच नको होती, आणि तिचा मान सगळ्यांनी केला होता. असा तो शेवटच्या गावाबाहेर, नदीवर पोचला.

मरीआईचे गाडे पुढं ढकलता येत नाहीत, ती ही जागा. नाना गावांचे गाडे चिखलात मोडून पडले होते. त्यांच्यात सुईण बसली होती. बाजूला नव्या लुगड्यांचा ढीग होता. घडी कशाचीच मोडली नव्हती. अंगावर चिंधी होती.

कुंभार तिच्यासमोर बसला. म्हणाला, "बाई, माझी लेक जाताना काय म्हणाली?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग बोलू लागली.

"म्हशीला आंबोण घाला, म्हणालं एक. मला अंधार नको, म्हणालं एक. बापाला सांग, मी रागावले नाही, असं एक पोर म्हणालं. आणि एक पोर सारखं विचारत होतं, बाप आला का? बाप आला का? उजाडेपर्यंत विचारत होतं."

कुंभार पुढं सरकला. "या दोघींतली माझी कोणती?"

"तेव्हा ठाऊक होतं, दादा. ज्याचं त्याचं वेगळं ठेवलं होतं मी. दारोदार घेऊन फिरले. कुणी घेतलंच नाही. मग सगळं एकात एक मिसळलं." ती हात घासू लागली. "तुम्ही चाकावर होता, तेव्हा ठाऊक होतं."

कुंभारानं तिचे हात आपल्या हातात धरले. ते सालपटले होते. तो प्रथमच रडला. तीही रडली, पण आपण कोणासाठी रडतोय ते तिला आता कळत नव्हतं.

त्यानं तिला गावात आणलं. हलगी नव्हती. पाटलाला विचारलं नाही. आपल्या ओट्यावर तिला बसवलं आणि शेजारी बसून राहिला. आधी त्याची बायको आली. मग तेली आला. मग दाराला कडी लावणारी ती बाई आली. सुईण बोलायची आणि सगळे सगळं ऐकायचे, कारण कोणता शब्द कोणाच्या घरचा, हे आता कोणालाच सांगता येत नव्हतं. हळूहळू काहींना झोप येऊ लागली. काहींना कधीच आली नाही.

सुईणीचे हात पुन्हा स्थिर झाले नाहीत. त्या हातांनी पुढं एकही मूल जगात आणलं नाही.

आणि कुंभार मरेपर्यंत रोज तेवढंच विचारत राहिला. ती रोज तीच दोन वाक्यं सांगायची. पोर रागावली नव्हती, की वाट पाहत होती, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

तात्पर्य: दुःख वाहणाऱ्याला मान देऊन दूर सारू नये; त्याच्याजवळ बसून, वेळ आहे तोवर त्याचं ऐकावं.