आबांचं मँगोस्टीन आणि जावईबापू

एका गावात एक भोळा जावई होता. गाव सासऱ्यांचं होतं, भोळेपणा त्याचा स्वतःचा. नाव झिलू.

झिलूचं खरं घर वर सड्यावर. तिथे कातळ, करवंदं आणि वारा, बाकी काही नाही. अधिक महिना लागला म्हणून सासऱ्यांनी, म्हणजे आबा धुरींनी, लेक-जावयाला जेवायला बोलावलं. पाटावर बसवलं, अनारसे वाढले, चांदीची वाटी दिली. निघताना आबा आपलं रीत म्हणून बोलून गेले, "राहा की चार दिवस, जावईबापू. घर तुमचंच आहे."

झिलूने पिशवी खाली ठेवली. घर आपलंच आहे म्हटल्यावर जायचं कुठे?

आता अधिक महिन्यात जावयाला दुखवायचं नाही, ही त्या घरची रीत. आवाज चढवायचा नाही, अरे-तुरे करायचं नाही, आणि 'निघा आता' हे तर तोंडातून काढायचंच नाही. आबा कचेरीत होते तेव्हा त्यांच्या नुसत्या खाकरण्याने शिपाई उभे राहायचे. आणि इथे घरात हे असं. पण रीत म्हणजे रीत.

आबांना नाद होता फळझाडांचा. निवृत्त झाल्यावर कुणी भजनाला जातं, कुणी सुनेच्या फोडणीत लक्ष घालतं. आबांनी परसात परदेशी फळझाडं लावली. तालुक्याला अशा हौशी लोकांचं एक फलरसिक मंडळ होतं. हे लोक साधा पेरू खात नसत. ज्याचं नाव घेताना जीभ अडखळते तेच फळ त्यांना गोड लागायचं. आबांनी काय केलं, तर गावठी कोकमाच्या रोपावर मँगोस्टीनचं, म्हणजे कोकमाच्याच एका परदेशी भावंडाचं, कलम बांधलं. मंडळाचे अध्यक्ष खानविलकर तेव्हा पोट धरून हसले होते.

"कोकमावर मँगोस्टीन? धुरी, उद्या माडावर द्राक्षं लावाल!"

सगळं मंडळ हसलं. पण कलम जगलं. वर्षं गेली, झाड छातीएवढं झालं, आणि यंदा त्याला फळ धरलं. एकच. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मंडळ ते चाखायला येणार होतं. आबांचा सगळा जीव त्या झाडात. फळ खाऊन खानविलकरांनी सगळ्यांसमोर 'आम्ही चुकलो' म्हणायचं, आणि मग त्याच झाडाच्या काड्या घेऊन आबांनी परसभर कलमं बांधायची, असा बेत होता.

झिलूच्या बायकोला, शेवंतीला, मात्र धास्ती. बापाचं झाड ती ओळखून होती आणि नवऱ्यालाही ओळखून होती.

"अहो, त्या झाडाकडे बघूसुद्धा नका," ती म्हणाली.

"नाही बघणार," झिलू म्हणाला. तेव्हापासून तो परसात डोळे मिटून चालू लागला. दोनदा गोठ्याच्या खांबावर आपटला.

रिकामं बसवण्यापेक्षा काम द्यावं, म्हणून आबा म्हणाले, "जावईबापू, एवढे आंबे उतरवा आणि आढी लावा. आंबा झाडावर पिकवायचा नसतो. हिरवा काढायचा, गवतात झाकून ठेवायचा. आपोआप पिकतो."

झिलूने आंबे उतरवले. गवतात नीट रचले. आबा खूश झाले. तिथेच थांबले असते तर बरं, पण जाता जाता म्हणाले, "व्वा! असंच काम करत चला."

दुसऱ्या दिवशी आबांनी पाहिलं तर रांबुतानचं झाड रिकामं. रांबुतान म्हणजे ते केसाळ, लाल फळ. आबांचं अजून हिरवंच होतं.

"फळं कुठे गेली?"

"आढीत," झिलू म्हणाला. "हिरवी होती ना. झाकून ठेवलीत. आपोआप पिकतील."

ती काही पिकत नाहीत. झाडावरून काढलेलं हिरवं रांबुतान हिरवंच राहतं आणि वाळून जातं. आबांनी उपरणं तोंडात कोंबलं, मोठा श्वास घेतला आणि गोड आवाजात म्हणाले, "जावईबापू, सगळी फळं सारखी नसतात हो. झाडावर रंग भरल्याशिवाय हात लावायचा नाही. वाट बघायची. कळलं?"

"कळलं," झिलू म्हणाला. त्याला खरंच कळलं होतं.

दोन दिवसांनी सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तेवढा नीरफणस काढून द्या हो. जेवायला कापं करते."

नीरफणस म्हणजे बिनबियांचा भाजीचा फणस; त्याची कापं तळायची ती कच्च्या फळाचीच. झिलू झाडाखाली जाऊन उभा राहिला. फळ हिरवं होतं. तो थांबला. जेवणं आटोपली, कापांवाचूनच. संध्याकाळी तो वर बघत होता, सकाळी पुन्हा तिथेच.

"अहो, काय करताय?" शेवंतीने विचारलं.

"रंग भरतोय. जरा पिवळसर झालाय."

असे काही दिवस गेले. सगळे नीरफणस पिकून मऊ लोळागोळा झाले. नेमके त्याच दिवशी खानविलकर साहेब आले. म्हणाले की सहज आलो. खरं तर रविवारच्या आधी मँगोस्टीन खरंच आहे की धुरी थापा मारतात, ते बघायला आले होते. पांढरीशुभ्र सफारी घालून ते नेमके नीरफणसाखाली उभे राहिले.

"साहेब, तिथे उभे राहू नका," झिलू म्हणाला.

"का हो?"

"रंग भरलाय."

खानविलकरांनी वर बघितलं. वर बघायला नको होतं. पच्च! नीरफणस सगळा तोंडावर. सफारी पिवळी झाली आणि मिशीला गर लोंबू लागला. आबा धावत आले. साहेबांना न्हाणीत नेलं, स्वतःचा सदरा दिला, हातापाया पडून रविवारचं आमंत्रण पुन्हा दिलं. साहेब गेल्यावर ते जावयासमोर येऊन उभे राहिले.

"जावईबापू," ते म्हणाले, "वाट बघत बसण्यातही अर्थ नसतो. काही गोष्टी वेळेवर कापायला लागतात. या, दाखवतो. आणि ते डोळे उघडा आधी."

त्यांनी त्याला मँगोस्टीनपाशी नेलं. खिडकीतून शेवंतीने बघितलं आणि हातातलं काम टाकून ती दाराशी आली.

"हा बघा कलमाचा जोड. वर मँगोस्टीन, खाली कोकम. जोडाच्या खाली बुंध्यावर हे फुटवे आलेत ना, ते सगळे गावठी. झाडाचा रस फुकट खातात. बुंध्यावर काही फुटलं की कापायचं आणि शेणखताच्या खड्ड्यात टाकायचं. दयामाया नाही."

झिलूने कोयता घेतला. बुंध्यावरचे फुटवे अलगद काढले. वरच्या पानालाही धक्का नाही. आबांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि ते जरा आडवे झाले.

उठले तर परसात धप्प, धप्प असे आवाज. परसाच्या कडेला आबांचा बरका फणस होता. फणसाचं तुम्हाला माहीतच आहे, तो फांदीच्या शेंड्याला थोडाच लागतो? बुंध्यालाच लागतो. चांगले पोसलेले, अंगावर काटे आलेले फणस लगडले होते. सासूबाई त्यांच्या गराची साठं, म्हणजे उन्हात वाळवलेल्या पोळ्या, घालणार होत्या. आता बुंधा गुळगुळीत झाला होता आणि झिलू घामाघूम.

"काय केलंत हे?"

"बुंध्यावर फुटले होते, आबा. किती रस खात असतील! एकेक तर मला उचलवेना. दयामाया केली नाही."

सगळे फणस शेणखताच्या खड्ड्यात. सासूबाई पदर तोंडाला लावून रडायलाच बसल्या. आबा फणसाच्या बुंध्याला धरून उभे राहिले. कचेरीतला सगळा जुना आवाज घशापर्यंत आला होता, तो त्यांनी गिळला. पण अगदी पुरता गिळला गेला नाही.

"अहो, बुंध्याला कशाला हात लावलात? बुंधा सांभाळायचा असतो हो! कापायचंच होतं तर वरच्या फांद्या कापायच्या होत्या! फांद्या काय, पुन्हा येतात!"

"बुंधा सांभाळायचा. फांद्या पुन्हा येतात," झिलूने घोकून ठेवलं.

रविवार उजाडला. शेवंतीने वडिलांना बाजूला घेतलं. "आबा, आज यांना झाडाचं काहीच काम सांगू नका."

आबांनाही ते पटलं. त्यांनी फळ स्वतःच्या हाताने उतरवलं, आणि झिलूला मागच्या पडवीत बसवून म्हणाले, "जावईबापू, आज फळाचं मी बघतो. तुम्ही फक्त पाहुण्यांचं बघा. कुणी काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. माझ्या दारातून आज कुणी रिकाम्या हाताने जाता कामा नये."

"कुणी नाही जाणार," झिलू म्हणाला.

मंडळ आलं. अत्तर लावून, रुमाल घेऊन. आबांनी फळ कापलं. जांभळी साल, आत पांढऱ्याशुभ्र फोडी. फोडी मोजक्या, मंडळी बरीच. फोडींचे तुकडे केले, तुकड्यांचे कण केले. मंडळींनी डोळे मिटले.

"सुरुवातीला लिची," एक म्हणाले, "आणि मागून हळूच पेरूची चाहूल."

"मला शेवटी वेलदोड्याचा भास झाला," दुसरे म्हणाले.

काशेलकर बाईंच्या वाट्याला फोड उरलीच नव्हती. त्यांना सालीचा तुकडा मिळाला. ती साल कडू जहर. बाईंनी डोळ्यांतलं पाणी टिपलं आणि म्हणाल्या, "काय ही खोली आहे चवीला!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग खानविलकर साहेब उठले. बऱ्याच वेळाने, फार कष्टाने, पण म्हणाले, "धुरी, आम्ही चुकलो." आबांच्या गळ्यात हार पडला आणि आबांचे डोळे भरून आले. शेवंतीही दाराआड रडली, आनंदाने. आबा भाषणाला उभे राहिले.

आबांचं भाषण म्हणजे सावकाश चालणारं काम. तेवढ्यात एकेक जण 'जरा हात धुऊन येतो' म्हणून मागच्या पडवीत जाऊ लागला. काशेलकर बाई पहिल्या.

"जावईबापू, एक काडी द्याल का हो? घरी कलम बांधीन म्हणते. कुणाला बोलू नका हं."

झिलूने वरची एक फांदी कापून दिली. बाईंनी ती छत्रीत लपवली.

दुसरे आले. "मला दोन द्या. एखादी वाळली तर? आणि बोलू नका."

तिसऱ्यांनी झाड जरा विरळ झालेलं पाहिलं. मग त्यांनी घाईघाईने चार घेतल्या. चौथ्यांनी तर अख्खी डहाळीच मागितली, मेहुण्यासाठी. खानविलकर साहेब सर्वांत शेवटी आले. इकडे तिकडे बघून म्हणाले, "कोकमावरचं कलम बघायचं होतं, अभ्यासासाठी," आणि भारा भरून कोटात लपवला. झिलूने कुणालाही नाही म्हटलं नाही.

आत भाषण संपलं. आबा हारासकट उठले. "चला मंडळी, आता झाडाचं दर्शन घेऊ!"

सगळे परसात आले. झाडाच्या जागी गुडघ्याएवढा कोकमाचा बुंधा उभा होता. जोडाच्या वर काही नाही; आता फुटेल ते गावठी कोकमच.

खानविलकर साहेब कोट घट्ट आवळून म्हणाले, "अरेरे! कुणी केलं हो हे?"

"आपल्यातलं कोणी नसणार," काशेलकर बाई म्हणाल्या आणि छत्री पाठीमागे घेतली. सगळ्यांनी मान हलवली. सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली. बघता बघता अंगण रिकामं झालं.

आबा मटकन खाली बसले. झिलू कोयता पुसत पुढे आला.

"आबा, बुंध्याला हात लावलेला नाही हं. अगदी सांभाळून ठेवलाय. फांद्या काय, पुन्हा येतात."

"जावईबापू," आबा म्हणाले. "एक... एक काडी तरी ठेवलीत का हो माझ्यासाठी? एक असली तरी पुन्हा कलम बांधीन."

"ठेवली होती ना! तुमच्यासाठीच. चांगली जाडजूड, बाजूला काढून." झिलूचा चेहरा अभिमानाने फुलला. "पण सगळे गेले आणि बघतो तर काय, खानविलकर साहेबांचा ड्रायव्हर रिकाम्या हाताने निघालेला. धावत जाऊन त्याला दिली. बिचारा फार खूश झाला. म्हणाला, उद्या सकाळी दात घासायला बरी पडेल."