झिजलेली पट्टी

एका खाडीच्या तोंडाशी एक कोळीवाडा होता. तिथे जोमा नावाचा नाखवा राहत असे. स्वतःची होडी, स्वतःचं मोठं जाळं आणि गावभर दरारा. म्हातारी माणसं चुकत नाहीत, असा त्या वाड्याचा कायदा होता. तो कुणी लिहिला नव्हता, म्हणून कुणाला खोडताही येत नव्हता.

जोमाची सून द्वारका शेतकरी गावातून आलेली. जाळं तिने कधी हातात धरलं नव्हतं, म्हणून तिला त्यातल्या गाठीगाठीचं कुतूहल.

जाळं फाटलं की अंगणात पसरायचं. जोमा बांबूची पट्टी घ्यायचा आणि तिच्यावर दोरा फिरवून गाठ मारायचा. पट्टी जेवढी रुंद, तेवढं जाळ्याचं घर, म्हणजे चार गाठींमधलं भोक. दोरा घासून घासून पट्टी झिजे. मग तिच्यावरूनच नवी पट्टी कापायची आणि जुनी हात जोडून खाडीत सोडायची. बापाने अशीच सोडली होती, आज्यानेही.

"मामा," द्वारकाने सासऱ्याला विचारलं, "झिजलेल्या पट्टीवरून कापली, म्हणजे नवीसुद्धा जन्मतःच झिजलेली ना?"

"तू यायच्या आधीपासून आम्ही मासे खातोय," जोमा म्हणाला.

शब्द जरा बोबडे आले. मिसरूड फुटल्यापासून त्याच्या डाव्या गालात तंबाखू-चुन्याची गोळी असे. जागा ठरलेली. तिथे जखम व्हायची, भरायची, पुन्हा व्हायची.

"गाल कुणाला दाखवा ना."

"जखम आहे, भरते. त्यात दाखवायचं काय?"

"भरते, तर पुन्हा का होते?"

"फार प्रश्न विचारणाऱ्या बाईचं कालवण करपतं."

कालवण कधी करपलं नव्हतं. उत्तर नसलं की मोठी माणसं स्वयंपाकघर दाखवतात.

द्वारका जाळ्यात बोटं घालून बघत बसे. कोपऱ्यातलं जाळं कधीच फाटलेलं नव्हतं, तिथल्या घरात तिची तीन बोटं सहज जात. मधला भाग मात्र रोज एकाच खडकावर घासायचा, कारण बापाची जागा सोडायची नाही, हा जोमाचा हट्ट. तिथे फाटायचं, भरायचं, पुन्हा फाटायचं. आणि तिथल्या घरात एक बोटसुद्धा जाईना. त्या आखडलेल्या ठिगळात गाळ अडके. ते जड होऊन शेजारच्या घरांना ओढी. शेजारची फाटत आणि जोमा तीही त्याच पट्टीने भरी. ठिगळ आधी सुपाएवढं होतं, मग खाटेएवढं झालं.

द्वारकाला नवल वाटलं. नुसतं फाटल्याने जाळं बिघडलं नसतं. पट्टी जरा अरुंद, तेही एखाद्या वेळी खपलं असतं. पण रोज फाडायचं आणि रोज चुकलेल्या मापाने भरायचं, ही दोन्ही एकत्र आली आणि ठिगळ आपलं आपण वाढायला लागलं.

एके दिवशी भरलेलं जाळं ओढताना ठिगळाच्या कडेने टराटर उसवलं. सगळी मासळी गेली. होडीवरचे गडी जोमाकडे बघत राहिले. जोमाने खाडीला शिव्या दिल्या.

द्वारका कोयती घेऊन अंगणात बसली आणि ठिगळ कापायला लागली. कापता कापता ती ठिगळाच्या बाहेर सरकली.

"चांगलं जाळं कापतेस, गो?" जोमा खेकसला.

"चांगलं लागेपर्यंत कापतेय, मामा."

मग तिने कोपऱ्यातल्या न फाटलेल्या घरावरून नवी पट्टी बेतली आणि भोक भरायला घेतलं. जोमा बघत राहिला. त्याची जीभ आपसूक डाव्या गालाकडे गेली. या खेपेला जखम भरली नव्हती. तिथे टणक उंचवटा आला होता.

"आतसुद्धा असंच होतं का, गो?" त्याने हळूच विचारलं.

"मला काय ठाऊक? ज्याला ठाऊक आहे त्याला विचारू."

शहरातल्या डॉक्टरने उंचवट्याचा तुकडा तपासला. तो कर्करोग निघाला.

"जखम झाली की आसपासच्या पेशी आपली नक्कल काढून ती भरतात," डॉक्टर म्हणाला. "कशी पेशी घडायची, याची लिपी प्रत्येकीच्या पोटात असते. तंबाखूने ती लिपी बिघडते. त्यात जागा रोज दुखावली, तर बिघडलेल्याच नकला वाढत जातात. बिघाड साठत गेले की एखादी पेशी अशी निघते, जिला 'भरलं, आता थांब' हे कळतच नाही."

"म्हणजे प्रत्येक जखमेतून हे होतं?" द्वारकाने विचारलं.

"नाही. बहुतेक जखमा नीट भरतात. जी आठवड्यांमागून आठवडे भरत नाही, ती दाखवायची."

"किती कापणार?" जोमाने विचारलं.

"चांगलं लागेपर्यंत."

जोमाने सुनेकडे पाहिलं. त्या घरात वडीलधाऱ्याने मान खाली घालायची ती पहिली वेळ.

जोमा वाचला. डावा गाल बसला, आवाजातला दरारा गेला. वाड्यातले म्हातारे भेटायला आले आणि ओट्यावर तंबाखू मळत म्हणाले, "नशीब एकेकाचं, दुसरं काय."

जोमा फुटक्या आवाजात म्हणाला, "नशिबाचं राहू दे. तुमच्या गालातलं भरतंय का रे?"

प्रत्येकाची जीभ तोंडातल्या तोंडात गालाकडे वळली.

तात्पर्य: जखम भरली एवढ्यावर खूश होऊ नये, ती कशी भरली आणि पुन्हा का झाली, हे विचारावं. रोज तीच जागा दुखावून चुकलेलीच नक्कल काढत राहिलं, तर चूक आपली आपण वाढू लागते, आणि कितीही जुनी झाली तरी ती बरोबर होत नाही.