शून्यावर भेटलेला

“मग मी जाऊन काय करू, बुवा?”

हेरंबने फोन ओट्यावर उपडा ठेवला. उद्या त्याच्या वडिलांचा दहावा होता. धाकटा भाऊ सकाळपासून बोलावत होता.

अच्युतबुवा शेंगा सोलत बसले होते. मठात येण्याआधी ते शाळेत गणित शिकवायचे. हेरंब तर गणितात एम.एस्सी.

“आबांनी मला दिलं काय? घरात ना पुस्तक, ना धड बोलणं. मी जो काही आहे, तो मठात आल्यापासून झालो.”

“काढून दाखव.”

“काय?”

“आलेख. मास्तराला तोंडी उत्तर चालत नाही.”

हेरंब हसला. त्याने खडूने फरशीवर दोन अक्ष काढले. आडवा मठातल्या वर्षांचा, उभा स्वतःच्या समजेचा. मग दोन्ही अक्ष मिळतात तिथूनच एक चढती रेषा ओढली.

“चढ झकास आहे,” बुवा म्हणाले. “आता क्षच्या जागी शून्य ठेव. म्हणजे तू मठात आलास तो दिवस. य किती?”

“शून्य. रेषा आरंभबिंदूतूनच जाते, बुवा. उभ्या अक्षाला छेदते तीही तिथेच.”

“हं... पाणी आण रे जरा.”

हेरंब विहिरीवर गेला. पोहरा वर घेतला, ओंजळभर पाणी काठच्या शेवग्याच्या मुळाशी सोडलं, मग तांब्या भरला.

बुवांनी तांब्या घेतला, पण प्यायले नाहीत.

“आधी झाडाला... हे मठात कुणी शिकवलं?”

“कुणी नाही. हाताला सवय आहे.”

“आलास त्या दिवशीही असंच केलंस. तहानेने घसा कोरडा पडला होता तुझा, तरीसुद्धा. त्यावरूनच तुला ठेवून घेतला.”

हेरंबने विहिरीकडे पाहिलं.

‘आधी त्याला दे, मग आपल्याला.’ पोहरा हातात देताना आबा म्हणायचे. कधीकधी दिवसभरात तेवढंच बोलायचे.

...

त्याने फोन उलटला. “येतो रे,” भावाला म्हणाला. “रात्रीपर्यंत पोचतो.”

मग फरशीपाशी बसून तळहाताने रेषा पुसली. खडू उभ्या अक्षावर टेकवला. वर सरकवला. थांबला. आणखी वर...

“कुठून काढू, बुवा? किती वरून?”

“मला काय विचारतोस? मला तर तू क्षच्या शून्यावर भेटलास.”