हर्षालीचे नागमोडी केस

आमच्या मुलींच्या वसतिगृहात गॅदरिंगच्या दिवशी पोरींच्या आया येतात आणि आपापल्या लेकीचे केस विंचरतात. हर्षालीला आई नाही, तिच्याकडे कोणी येत नाही. म्हणून तिला मी पुढ्यात घेतलं. मी इथली स्वयंपाकीण. पोरीचं तोंड एवढंसं, केस दाट आणि नागमोडी. घट्ट दोन वेण्या घातल्या की सोललेल्या लसणासारखी दिसते. मी पुढचे केस सैलसर मागे घेऊन पिन लावली आणि बाकीचे पाठीवर सोडले. गोड दिसायला लागली.

तेवढ्यात अधीक्षक दाभाडे मॅडम आल्या. बरोबर त्यांची लेक मनवा, सकाळीच पार्लरातून केसांना लाटा पाडून आणलेली.

“हे काय झिपरं ध्यान?” मॅडम हर्षालीकडे बघून म्हणाल्या. “असले वाकडेतिकडे केस स्टेजवर नकोत. मावशी, कात्री आणा. मानेपर्यंत कापून टाकू.”

हर्षालीनं दोन्ही हातांनी केस धरून ठेवले.

मी कात्री आणून मॅडमच्या हातात दिली. “कापा मॅडम. पण फेकू नका, मला द्या. मी त्यांचं गंगावन करते. पुढच्या वर्षी मनवाताईंना तेच लावू, पार्लरात सकाळ घालवायला नको.”

सगळ्या आया मनवाच्या डोक्याकडे बघायला लागल्या. मॅडमनी कात्री खाली ठेवली आणि मनवाला घेऊन निघून गेल्या.

कार्यक्रम संपल्यावर आयांनी पोरी घरी नेल्या. वसतिगृहात आम्ही दोघीच उरलो. हर्षाली आरशासमोरून हलेना.

“मावशी, माझ्या आईचे असेच होते?”

तिच्या आईला मी कधी पाहिलेलं नाही.

“हो,” म्हटलं.